उंबरबनाचं चाक आणि सव्वीस दिवसांचा प्लॅन

एका जंगलात सिंह नव्हता.

गोष्ट अशी सुरू झाली की तुम्ही लगेच हात वर करणार, मला ठाऊक आहे. सिंह कुठे गेला? तर बाळांनो, सिंह होता, पण त्याला सल्लागार केलं होतं. तो आपल्या गुहेत झोपून असे आणि महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन त्याची सही घेऊन जाई. आपल्या गोष्टीत त्याचं काही काम नाही. हात खाली करा आणि नीट मांडी घालून बसा.

तर या जंगलात एक कंपनी होती. तिचं नाव 'सप्तद्वीप अवजड वहन मंडळी'. या जंगलातली जड वस्तू उचलायची आणि त्या जंगलात नेऊन ठेवायची, एवढाच तिचा धंदा. सागाचे ओंडके, तेलाचे घाणे, दगडाची जाती असं सगळं ती नेई. एकदा तर तिने एक आख्खं वारूळ मुंग्यांसकट नेलं. मुंग्या पहिल्याच मुक्कामाला उतरून घरी गेल्या, पण वारूळ वेळेवर पोचलं. कंपनी खूश होती.

कंपनीचं मुख्यालय सातासमुद्रापलीकडे, बर्फात. तिथे पेंग्विन काम करत. त्यांनी जंगल कधी पाहिलं नव्हतं. घाट म्हणजे काय, हे त्यांना एकदा चित्र काढून कळवावं लागलं. चित्र बघून त्यांनी उलट विचारलं की हा सपाट करून का घेत नाही. दर सोमवारी एक हंस त्यांचं पत्र घेऊन येई आणि इकडचा रिपोर्ट घेऊन जाई.

इकडच्या शाखेचे प्रमुख होते मोरसाहेब. मोरच का, असं विचारू नका. ज्याला पिसारा फुलवता येतो त्यालाच प्रमुख करतात, हे मोठे झालात की कळेल. मोरसाहेबांच्या पिसाऱ्यावरचा एकेक डोळा म्हणजे कंपनीचा एकेक माल. माल वेळेवर असला की त्या डोळ्याला पाल्याचा हिरवा रंग लावायचा. थोडी गडबड असली की हळदीचा पिवळा. उशीर झाला की पळसाचा लाल. सोमवारी हंस आला की मोरसाहेब पिसारा फुलवून त्याच्यापुढे एक गिरकी घेत, आणि हंस ते सगळं डोळ्यांत साठवून उडून जाई. कंपनीचा सगळा कारभार या गिरकीवर चाले.

आणि हा पिसारा हिरवा राहील याची काळजी वाहायला होता एक साळींदर. त्याचं नाव धोंडोपंत. धोंडोपंत कंपनीचा प्लॅनर होता.

प्लॅनर म्हणजे कोण? ऐका. जो स्वतः काही उचलत नाही आणि कुठे जात नाही, पण कोण काय उचलून कधी कुठे पोचणार हे ज्याला सगळ्यांच्या आधी सांगावं लागतं, तो प्लॅनर. माल पोचला की शाबासकी हत्तीला. माल नाही पोचला की प्लॅनर कुठाय? मी स्वतः बावीस वर्षं अशा एका खुर्चीवर काढली आहेत, म्हणून जरा तोंड सुटतं. सोडा तो विषय.

धोंडोपंत सागाच्या मोठ्या पानावर प्लॅन लिही. लिहायला स्वतःच्याच पाठीवरचा काटा उपटी. एक प्लॅन, एक काटा. मुख्यालयाने बदल सुचवला की दुसरा काटा. गेली काही वर्षं त्याच्या पाठीवर मधोमध चांगलं टक्कल पडलं होतं.

सुरुवातीला धोंडोपंत अगदी खरे प्लॅन करी. नदी किती खोल, घाट किती उभा, वाटेत सावली कुठे, सगळं विचारून लिही. माल वाहायला कंपनीकडे चंपाक्का नावाची हत्तीण होती. मोठी कामसू, पण दुपारी नदीत डुंबल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. म्हणून धोंडोपंताने प्लॅनमध्ये स्पष्ट लिहिलं: 'दुपारी हत्तिणीची अंघोळ, दोन तास.' मुख्यालयातून पत्र आलं की अंघोळीने माल पुढे सरकत नाही, सबब ती वगळावी. धोंडोपंताने ती वगळली. चंपाक्का तरीही डुंबली. माल दोन तास उशिरा पोचला आणि मोरसाहेबांच्या पिसाऱ्यावर एक लाल डोळा उमटला. ते तीन दिवस जेवले नाहीत.

पुढच्या खेपेला धोंडोपंत शहाणा झाला. त्याने अंघोळीचा शब्दसुद्धा काढला नाही. 'नदी ओलांडणे' याच्यापुढे एक तासाऐवजी तीन तास लिहिले. मुख्यालयाने मुकाट्याने मान्य केलं.

झालं. त्याला चटक लागली.

मग एकदा पाऊस कमी झाला आणि माल दोन दिवस लवकर पोचला. धोंडोपंताला वाटलं, आता कौतुक होणार. पत्र आलं: 'दोन दिवस वाचले याचा अर्थ प्लॅनमध्ये दोन दिवस फुकट होते. यापुढे प्रत्येक प्लॅनमधून चौथा हिस्सा कापण्यात येईल.' त्या दिवशी धोंडोपंताला कळलं की या कंपनीत उशिरा पोचण्यापेक्षा लवकर पोचणं वाईट. उशीर झाला तर एकदाच बोलणी बसतात. लवकर पोचलं तर जन्मभर पुरतं.

चौथा हिस्सा कापणार म्हटल्यावर धोंडोपंत आधीच तेवढे दिवस वाढवून लिहू लागला. धोंडोपंत आपले दिवस कमी करतो असा चंपाक्काला संशय होता, म्हणून ती त्याला सांगतानाच वाढवून सांगू लागली. मोरसाहेबांना दोघांचाही भरवसा नव्हता, म्हणून ते सही करताना वर थोडे टाकू लागले. कुणी कुणाला काही बोललं नाही. आणि वाढवलेले दिवस वापरले नाहीत तर चोरी उघडी पडेल, म्हणून सगळे ते इमानेइतबारे वापरू लागले. माल तयार असला तरी निघायच्या तारखेपर्यंत अंगणात उभा. हत्तीण नदीत. पिसारा हिरवागार.

पाच वर्षं सलग पिसारा हिरवा राहिला तर मुख्यालयाकडून प्लॅनरला सोन्याचं पान मिळत असे. धोंडोपंताची चार वर्षं अकरा महिने झाले होते. ते पान त्याला हवं होतं, मनापासून हवं होतं. पाठीवरचे एवढे काटे गेले, निदान गळ्यात काही यावं, असं त्याला वाटे. यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आणि अशातच एका सकाळी सगुणाबाई आली.

सगुणाबाई म्हणजे उंबरबनातली रानडुकरीण. उंबरबन हे शेजारचंच जंगल, वडाच्या वेशीपलीकडे. तिथलं तळं यंदा फार लवकर आटलं होतं. एक जुनी विहीर होती, तिला खाली खोल पाणी होतं, पण ते वर काढायचं कसं? म्हणून उंबरबनाने इकडच्या जंगलातल्या सुतारपक्ष्यांकडून रहाटाचं एक मोठं लाकडी चाक करून घेतलं होतं. चाक तयार होऊन कंपनीच्या अंगणात येऊन पडलं होतं. ते चाक कधी पोचणार, एवढंच विचारायला ती आली होती.

धोंडोपंताने तिला बसायला सांगितलं आणि प्लॅन उलगडून दाखवला. चाक नऊ हात उंच. चंपाक्काची पाठ आठ हात. चाक पाठीवर उभं ठेवलं तर सतरा हात होतात, आणि वडाच्या वेशीवर पारंब्या लोंबतात दहा हातांवर. आडवं ठेवलं तर वडाच्या दोन बुंध्यांमध्ये अडकतं. पारंब्या कापाव्यात तर त्या वानरांच्या, आणि वानरांची परवानगी काढण्यात कोण म्हातारं होणार? म्हणून चाक वेशीतून न नेता करवंदीच्या घाटाने वळसा घालून न्यायचं. घाटाची पाहणी, नदी, मुक्काम, सगळं धरून सव्वीस दिवस.

सगुणाबाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण चौकोन मोजता येत होते.

"पंत, तळ्यात बारा दिसाचं पाणी हाय," ती म्हणाली. "पोरं लहान हायती. आन् म्या आज सकाळी घरनं निघाले ती दुपारच्या आत हितं पोचले. मग ह्या चाकाला सव्वीस दिस कशापायी?"

"तुम्ही चालत आलात, सगुणाबाई," धोंडोपंत समजुतीच्या सुरात म्हणाला. "माल चालत येत नसतो."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी पुन्हा सांगणार नाही.

बारा दिवसांचं पाणी म्हटल्यावर धोंडोपंत आतून हलला होता, हेही सांगून ठेवतो. तो दुष्ट नव्हता. सव्वीसपैकी खरे दिवस नऊच आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीन चंपाक्काने घातलेले, सहा त्याने, आठ मोरसाहेबांनी. आजच निघालं तर नऊ दिवसांत चाक उंबरबनात. पण मग मुख्यालयाला कळणार की सव्वीसचं काम नऊत होतं. पुढच्या सगळ्या प्लॅनचं मातेरं, चंपाक्काच्या अंघोळीवर टाच, आणि सोन्याचं पान गेलं ते गेलंच. तो मोरसाहेबांकडे गेला. मोरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि ग्राहकाच्या भावनांचा आदर करून एक दिवस कमी करायला सांगितलं. धोंडोपंताने एक काटा उपटला आणि सव्वीसचे पंचवीस केले.

सगुणाबाईने पानावरचे चौकोन पुन्हा एकदा मोजले. उठली आणि चालू लागली. धोंडोपंताला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दहाव्या दिवशी भल्या पहाटे ती पुन्हा आली. या वेळी एकटी नव्हती. बरोबर तिचे दीर, भाऊ, नणंदा, जावा मिळून सतरा रानडुकरं होती. चाक अंगणात होतं तिथेच होतं. त्याला केळीची पानं गुंडाळली होती आणि एक चिठ्ठी बांधली होती: 'काळजीपूर्वक हाताळा.' आजवर त्याला कुणी बोटही लावलं नसल्यामुळे चिठ्ठीचा मान पुरेपूर राखला गेला होता.

मोरसाहेब बाहेर आले. त्यांनी पिसारा फुलवला आणि उंबरबनाच्या चाकाचा डोळा चोचीने दाखवला. डोळा हिरवा होता. माल भरायची तारीख चौदावी आहे, आज दहावा दिवस आहे, म्हणजे सगळं अगदी वेळेवर चाललं आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात कणव होती. त्यांना खरोखरच वाटत होतं की ही चांगली बातमी आहे.

"सायेब," सगुणाबाई म्हणाली, "तुमचा पिसारा लई हिरवा हाय. आमच्या तळ्यात आता निस्ता चिखुल हाय. धाकटं पोर कालपासनं उठलं न्हाई. ह्या हिरव्यातलं वाईच पाणी पिळून दिता का?"

मोरसाहेबांनी पिसारा मिटला. त्यांना आत एक महत्त्वाची बैठक आठवली. धोंडोपंतालाही त्यांनी बैठकीला बोलावलं. अशा वेळी बैठक असली की फार बरं असतं, मुलांनो. दार लावून घेता येतं.

अंगणात चंपाक्का उभी होती. तिला अजून चार दिवस काम नव्हतं. तिने इतका वेळ सगळं ऐकलं होतं आणि तिला आपल्याच तीन दिवसांची लाज वाटत होती. तिने सोंडेने केळीची पानं ओढून काढली. मग चाकाखाली सोंड घालून ते उचलून धरलं. तिला ते पाठीवर घ्यायचं होतं, पण एकटीला ते वर टाकता येईना. तेवढ्यात ते कडेवर उभं राहिलं, सोंडेतून निसटलं आणि आपलं आपण चार हात पुढे गेलं.

पुढची डुकरं चटकन बाजूला सरली.

चाक होतं ना ते, बाळांनो.

गेली चाळीस वर्षं कंपनीत जो माल आला तो पाठीवरून गेला. ओंडका पाठीवर, घाणा पाठीवर, जातं पाठीवर. प्लॅनच्या पानावर पहिला चौकोनच मुळी असायचा, 'कुणाच्या पाठीवर?' तो भरल्याशिवाय दुसऱ्या चौकोनाकडे जायची सोय नव्हती. त्यामुळे चाक गोल असतं आणि गोल वस्तू गडगडते, ही गोष्ट मोरसाहेबांच्या, धोंडोपंताच्या, सुतारपक्ष्यांच्या आणि समुद्रापलीकडच्या चारशे पेंग्विनांच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. खरं तर ती सगुणाबाईच्याही डोक्यात आली नव्हती. ती डुकरं चाक ओढत, फरपटत, मोडलं तर मोडलं म्हणून न्यायला आली होती.

पण आता काय विचारता. सतरा डुकरांनी नाकं लावली. चंपाक्का मागून सोंडेने तोल धरत चालली. नऊ हातांचं चाक वडाच्या वेशीत शिरलं, वर पारंब्या दहा हातांवर. मधल्या एक हात जागेतून एक वानर खाली वाकून बघत होतं. त्याने परवानगी दिली की नाही हे कुणी विचारलं नाही. उतारावर तर चाकाला आवरता आवरता सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

सूर्य डोक्यावरून कलायच्या आत चाक उंबरबनात पोचलं. ऊन उतरेपर्यंत ते विहिरीवर चढलं. पहिलं मातीचं गाडगं भरून वर आलं तेव्हा सगुणाबाईने ते आधी धाकट्याच्या तोंडाला लावलं. पोर प्यायलं, शिंकलं, आणि उठून आईच्या पायात घुटमळायला लागलं. सगुणाबाई तिथेच चिखलात बसली आणि रडली. चंपाक्काने विहिरीच्या कडेलाच अंघोळ उरकली, चांगली तीन तास.

इथे तुमची गोष्ट संपली असती. कंपनीची नाही संपत.

बैठक आटोपून मोरसाहेब बाहेर आले तर अंगण रिकामं. चाक पोचल्याची बातमी आली तेव्हा ते आणखी हादरले. पंधरा दिवस आधी. न भरता. न निघता. पिसाऱ्यावर याला रंग कुठला लावायचा? हिरवा लावावा तर प्लॅनप्रमाणे काहीच झालेलं नाही. लाल लावावा तर उशीर कुठे झाला आहे? शेवटी त्यांनी त्या डोळ्यावर शेणाचा एक ठिपका दिला आणि सोमवारी गिरकी जरा जोरात घेतली. पण हंसाची नजर वाईट. त्याला ठिपका दिसला.

पुढच्या सोमवारी पत्र आलं. धोंडोपंताने ते दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

'माल पोचल्याचे समजले. माल निघाल्याची नोंद आढळत नाही. जो माल निघाला नाही तो पोचू शकत नाही. तरी सदर चाक तातडीने अंगणात परत आणावे आणि मंजूर प्लॅनप्रमाणे करवंदीच्या घाटाने रवाना करावे. परत आणताना चाक गडगडवू नये. गडगडवणे हा वाहतुकीचा मान्य प्रकार नाही. परतीचा प्लॅन तयार करून मंजुरीस पाठवावा.'

मोरसाहेबांनी धोंडोपंताला बोलावून घेतलं. सोन्याच्या पानाला आता थोडेच दिवस राहिले आहेत, याची प्रेमळ आठवण दिली. चाक आणा, म्हणाले. कसंही करून आणा.

धोंडोपंत पत्र घेऊन उंबरबनाकडे निघाला. आयुष्यात प्रथमच तो आपला एखादा माल जिथे जातो तिथे चालला होता. वेशीतून गेला तर दुपारच्या आत पोचला. वाटेत त्याला आपल्या प्लॅनमधला एकही चौकोन भेटला नाही.

विहिरीपाशी चाक फिरत होतं. दोन रानडुकरं ते पायांनी फिरवत होती. गाडगी भरून वर येत होती, पन्हाळीत रिकामी होत होती, पुन्हा खाली जात होती. पन्हाळीला हरणं लागली होती, ससे लागले होते, एक खोकला झालेला कोल्हा रांगेत उभा होता. धोंडोपंताने आजवर साडेतीनशे माल पोचवले होते. पोचल्यावर ते काय करतात, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. त्याला फार आनंद झाला आणि लगेच काखेतलं पत्र आठवलं.

सगुणाबाईने त्याला बसवलं. उंबराच्या पानांच्या द्रोणातून पाणी दिलं. तो प्यायला. मग त्याने मान खाली घालून पत्र वाचून दाखवलं. चाक फिरवणारी डुकरं थांबली. गाडगी मध्येच लोंबत राहिली.

सगुणाबाई ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "कवा न्हेनार?"

धोंडोपंताने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. कवा? अरे, हाच तर त्याचा प्रश्न. सगळ्या जगात या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला नेमलं होतं. पत्रात 'तातडीने' होतं, पण तारीख नव्हती. तारीख तो घालणार होता. त्याच्या पाठीवरचे उरलेसुरले काटे हळूहळू उभे राहिले.

"बघावं लागेल," तो म्हणाला. "नीट प्लॅन करावा लागेल, सगुणाबाई. घाईत करायचं काम नव्हे हे. तुम्ही चाक फिरवा."

आणि काय प्लॅन केला म्हणता. सागाची बावीस पानं लागली. गडगडवायचं नाही, म्हणजे पाठीवर. पाठीवर, म्हणजे करवंदीचा घाट. घाटाची पाहणी उन्हाळ्यात करता येत नाही, दगड तापतात. पावसाळ्यात करता येत नाही, शेवाळ असतं. हिवाळ्यात करायची, पण तेव्हा चंपाक्काचे गुडघे धरतात. चाक विहिरीवर बसवलेलं, तेव्हा आधी सुतारपक्ष्यांचा अभिप्राय. सुतारपक्षी त्यांच्या पद्धतीने ठोकून ठोकून विचार करतात. वानरांची परवानगी, घाटाला वेस नसली तरी असू दे. प्रत्येक नदीपाशी अंघोळ, आणि या वेळी धोंडोपंताने ती लपवली नाही. 'अंघोळ' असंच लिहिलं, छाती काढून. मग चंपाक्काने आपले थोडे टाकले. मोरसाहेबांनी सवयीने वर आपले टाकले. एकूण बेरीज झाली नऊ वर्षं चार महिने.

मुख्यालयाने अत्यंत कडक भूमिका घेतली. चौथा हिस्सा कापून सात वर्षांवर आणलं आणि प्लॅन मंजूर केला. एवढा तपशीलवार प्लॅन आजवर कुठल्याही शाखेने पाठवला नव्हता, असंही कळवलं. चौकोन सगळे भरले होते ना.

त्या सोमवारपासून मोरसाहेबांच्या पिसाऱ्यावरचा तो डोळा पुन्हा हिरवा झाला. शेणाचा ठिपका त्यांनी स्वतः चोचीने खरवडून काढला. दर आठवड्याला रिपोर्ट जाई: 'चाकाच्या परतीचे काम प्लॅनप्रमाणे सुरू आहे.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत काहीच करायचं नव्हतं आणि ते अगदी वेळेवर होत होतं.

धोंडोपंताला सोन्याचं पान मिळालं. समारंभात मोरसाहेब नाचले. पान गळ्यात घातलं तेव्हा ते काट्यांना अडकून टोचत होतं, म्हणून त्याने ते घरी खुंटीला लावलं. महिन्यातून एकदा तो 'प्रगतीची पाहणी' म्हणून उंबरबनात जाई. द्रोणभर पाणी पिई, चाकाकडे बघत बसे, आणि संध्याकाळच्या आत वेशीतून परत येई. पाठीवर नवे काटे फुटायला लागले होते.

सात वर्षं संपत आली तेव्हा जरा कठीण प्रसंग आला. पण तोवर वानरांच्या परवानगीची मुदत टळून गेली होती. मुदत फक्त पाच वर्षांचीच घ्यावी, हे धोंडोपंतानेच सुचवलं होतं. परवानगी नाही म्हणजे प्लॅन रद्द, आणि प्लॅन रद्द म्हणजे नवा प्लॅन. धोंडोपंताने समाधानाने एक काटा उपटला.

तुम्ही कधी उंबरबनात गेलात तर ते चाक तुम्हाला दिसेल. सगुणाबाईची नातवंडं आता ते फिरवतात. चाकाच्या आऱ्याला एक जुनी चिठ्ठी बांधलेली आहे, तिच्यावर लिहिलंय: 'माल परतीच्या वाटेवर.' चाक फिरतं, चिठ्ठी फिरते, आणि पन्हाळीत पाणी पडत राहतं.

तात्पर्य : एखादं काम लवकर व्हावं असं वाटत असेल, तर ते डुकरांना सांगावं. आणि ते कधीच होऊ नये असं मनापासून वाटत असेल, तर मात्र हयगय करू नये. उत्तमातला उत्तम प्लॅनर नेमावा.